तोंड उघडावें कसें?

गाणें शिकविणाऱ्याच्या तोंडून दिवसांतून पन्नास वेळां निघणारें एक वाक्य आहे, "तोंड उघड." विद्यार्थी तें ऐकतो, तोंड उघडतो, आणि पुष्कळदां त्याचा आवाज पूर्वीपेक्षां वाईट लागतो. शिकविणारा म्हणतो, "आणखी उघड." मग मानेच्या शिरा फुगतात, भुंवया वर चढतात, हनुवटी पुढें येते, आणि घरांतील वडील मंडळींना वाटूं लागतें कीं, मुलीला गाण्याचें अंगच नाहीं. अशा रीतीनें गाणें सुटलेलीं मुलें थोडींथोडकीं नाहींत. त्यांच्या गळ्यांत कांहीं उणें नव्हतें. जबडा आवळलेला होता, आणि तो सैल कसा करावा हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. जबडा हुकुमानें उघडत नाहीं, तो सोडावा लागतो, एवढीच गोष्ट मला आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

मी राहतों तो कर्जत-खालापूरचा भाग गाण्याच्या कीर्तीनें ओळखला जाणारा नव्हे. कर्जत म्हटलें म्हणजे लोकांना भाताचीं खाचरें आठवतात, आणि बोरघाट चढण्यासाठीं आगगाडीला मागून लावावयाचीं जादा इंजिनें. खालापूर म्हटलें म्हणजे महडचा वरदविनायक आणि खोपोलीचें टाटांचें वीजघर. तरी पण हरिपाठ, काकडा, सप्ताह, गौरीगणपतीचीं गाणीं, आगरी लग्नांत धवलारीण म्हणते ते धवले, आणि मुंबईस नोकरीला जाणाऱ्या मंडळींचें लोकलच्या डब्यांतील भजन, इतक्या परींचें गाणें येथें ऐकावयास मिळतें. शाळेंत प्रार्थना आणि समूहगीतें बसविण्याचें काम बरींच वर्षें मजकडे होतें, आणि संध्याकाळीं भजनी मंडळींतहि बसणें होई. त्यामुळें गाणाऱ्याचा आवाज ऐकतांना त्याचें तोंड पाहण्याची संवय जडली.

आषाढांत भाताची लावणी चालूं असतां ओणव्यानें काम करणाऱ्या बायका गाणें म्हणतात, तें दोन-चार बांध ओलांडून स्पष्ट ऐकूं येतें. त्यांच्या चेहऱ्यावर गाण्याचा शीण दिसत नाहीं. मान खालीं, हात चिखलांत, लक्ष रोपांकडे, आणि जबडा आपल्याच वजनानें लोंबता. त्यांच्यापैकींच एखादीला गणपतीच्या मांडवांत ध्वनिवर्धकापुढें उभी करा. दांतांवर दांत बसतात, ओंठ पातळ होतात, आणि शेतांत दोन बांध ओलांडणारा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतहि पोंचत नाहीं. गळा तोच, स्वर तोच, मध्यें संकोच आला. मुलींच्या बाबतींत तर आपण हा संकोच लहानपणापासून शिकवितों. दांत दाखवून हंसूं नये, तोंड वासून बोलूं नये, असें घरांत दहा वर्षें सांगावयाचें, आणि अकराव्या वर्षीं गाण्याच्या परीक्षेस बसवून मोकळ्या आकाराची अपेक्षा करावयाची, ही थोडी चमत्कारिक गोष्ट आहे.

लोकलमधील भजनाचा प्रकार निराळा. तेथें संकोच मुळींच नसतो. चाकांचा खडखडाट, दारांतून येणारा वारा आणि टाळांचा गजर यांच्यावर आवाज काढावयाचा असतो, म्हणून पट्टी चढवीत नेतात, आणि उंच स्वर आला कीं हनुवटी पुढें काढून तो ओढून घेतात. ऐकणाऱ्यास वाटतें, केवढें हें तोंड उघडलें आहे! परंतु तें जोरानें ताणून धरलेलें तोंड असतें. कर्जत येईपर्यंत बुवांच्या आवाजांत खर उतरलेली असते, आणि रविवारच्या भजनाला घसा बसलेला असतो.

हे दोन्ही दोष आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यांत गाणाऱ्याचे पंचवीस दोष दिले आहेत. यादीच्या आरंभींच 'संदष्ट' आहे, म्हणजे दांतांवर दांत धरून गाणारा. त्याच यादींत पुढें 'कराली' येतो, म्हणजे भयंकर तोंड वासून गाणारा. गाल भोपळ्यासारखे फुगविणारा आणि गळ्याच्या शिरा तटतटविणारा, यांनाहि तेथें स्वतंत्र नांवें आहेत. जो शिक्षक 'संदष्ट' विद्यार्थ्यावर "तोंड उघड" म्हणून ओरडतो, तो बहुधा त्याला 'कराली' करून सोडतो; एक दोष गेला आणि दुसरा आला. शिक्षाग्रंथांत उच्चाराविषयीं वाघिणीचा दृष्टान्त आहे. वाघीण आपल्या पिलांना दाढांत धरून नेते, पण पिलूं खालीं पडत नाहीं आणि त्यास दांतहि लागत नाहींत. अक्षरें तशीं उच्चारावीं, असें त्या शास्त्रकारांचें म्हणणें आहे. जबड्याविषयीं याहून नेमकें मला तरी दुसरीकडे आढळलें नाहीं.

शार्ङ्गदेव आपल्या ग्रंथांत प्रथम मनुष्यदेहाची उत्पत्ति आणि रचना सांगतो आणि मग नादाकडे वळतो. आपणहि तोच क्रम धरूं. दोन्ही कानांच्या भोंकांपुढें एकेक बोट ठेवून सावकाश तोंड उघडा. बोटाखालीं कांहीं तरी हललेलें लागेल. तो जबड्याचा सांधा. आरंभीं तो दाराच्या बिजागरीप्रमाणें फिरतो. तोंड आणखी उघडलें म्हणजे हाडाचें टोंक पुढें घसरतें. हें घसरणें दोन्ही बाजूंस सारखें आणि गुळगुळीत झालें पाहिजे. जबडा मिटणारे स्नायु अत्यंत बळकट असतात, कारण त्यांना फुटाणे फोडावयाचे असतात. उघडणारे त्या मानानें दुबळे. त्यांना फारसें बळ नकोच, कारण मिटणाऱ्यांनीं पकड सोडली कीं बरेंचसें काम जबड्याचें वजनच करितें. पण मिटणाऱ्यांनीं पकड न सोडतां उघडणारे ओढूं लागले, म्हणजे दोघांची रस्सीखेंच सुरू होते, आणि सगळा चेहरा थरथरूं लागतो.

आतां याचा आवाजाशीं संबंध काय? जिभेचा मोठा भाग हनुवटीच्या आंतल्या बाजूस बांधलेला आहे. जिभेचें मूळ गळ्यांतील एका लहान कमानदार हाडास जोडलेलें आहे, आणि त्या हाडाखालीं स्वरयंत्र टांगलेलें आहे. म्हणजे हनुवटी, जीभ आणि स्वरयंत्र हीं एकाच दोरीला बांधलेलीं भांडीं होत. वरचें आवळलें कीं खालचें ओढलें जातें. आवळलेल्या जबड्यानें गाणाऱ्याच्या गळ्यावरची घांटी उंच स्वराबरोबर वर पळते, आवाज चिमटल्यासारखा होतो, आणि तान घेतांना दाणे सुटे पडत नाहींत. घसा दुखतो म्हणून तो ज्येष्ठमध चघळतो. मूळ मात्र दोन बोटें वर, कानापुढें, तसेंच राहतें.

श्रोतेहो, हें ऐकतांना आपले वरचे आणि खालचे दांत एकमेकांस टेकलेले आहेत काय, हें जरा पाहा. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ओंठ मिटलेले असावे, दांत मात्र किंचित् सुटे असावे. जेवणाचा घांस सोडला तर दांतांवर दांत ठेवण्याचें दिवसभरांत फारसें कारण नसतें. तरी हिशेब करतांना, सुईंत दोरा ओंवतांना, मुलाची गुणपत्रिका वाचतांना आपण दांत आवळतों. तोच मनुष्य संध्याकाळीं तंबोरा घेऊन बसला, तर दिवसभराचें आवळणें बरोबर घेऊनच बसतो.

म्हणून सैल करण्याचें शिक्षण गाण्यापासून सुरू करूं नये. लोकलमध्यें बसल्या जागीं झोप लागलेला उतारू आपण सर्वांनीं पाहिला आहे. डोकें खिडकीला टेकलेलें, ओंठ सुटलेले, खालचा जबडा लोंबता. नेरळ गेलें तरी त्यास पत्ता नसतो. त्या माणसानें तोंड उघडलेलें नसतें, तें उघडें पडलेलें असतें. विद्यार्थ्यास याच झोपलेल्या उतारूची नक्कल करावयास सांगावें. मुलें हंसतात. हंसूं द्यावें, कारण हंसण्यानेंहि जबडा सुटतो. आपण बावळट दिसूं ही भीति एकदां गेली कीं निम्में काम झालें. मोठ्या माणसांच्या बाबतींत ती जावयास अधिक दिवस लागतात, विशेषतः पुरुषांच्या.

मग दोन्ही तळहात गालांवर, कानांपुढें ठेवावे आणि हलक्या दाबानें हनुवटीपर्यंत सावकाश ओघळूं द्यावे. हातांबरोबर जबडाहि खालीं येतो. हातानें ओढावयाचें नाहीं, सोबत करावयाची. असें आठ-दहा वेळां केल्यावर हनुवटी अंगठा आणि बोट यांत धरून हातानेंच थोडी वर-खालीं हलवून पाहावी. सैल जबडा हातानें हलतो. आवळलेला विरोध करितो. पुष्कळांना या वेळीं प्रथमच कळतें कीं, आपला जबडा आपल्या ताब्यांत नाहीं. येथें जबरदस्ती करूं नये. जीभ खालच्या दांतांमागें टेकवून एक निश्वास सोडावा आणि पुन्हां पाहावें. जांभईचाहि उपयोग होतो. पण जांभईचा आरंभ तेवढा घ्यावा. पुरती जांभई जिभेचें मूळ मागें नेते आणि आवाज घागरींतून आल्यासारखा होतो. ज्यांना हें कांहींच साधत नाहीं, त्यांनीं लावणीच्या बायकांप्रमाणें ओणवें व्हावें, हात गुडघ्यांवर टेकावे, डोकें लोंबूं द्यावें आणि त्या स्थितींत एक लांब 'आ' म्हणावा. वृद्धांनीं व रक्तदाब असणाऱ्यांनीं हें करूं नये.

व्हिएन्नाचे आवाजतज्ज्ञ डॉक्टर फ्रॉशेल्स यांनीं आणखी एक सोपी युक्ति प्रचारांत आणली. तोंडांत घांस आहे असें समजून चावीत राहावयाचें आणि चावतां चावतां आवाज काढावयाचा. चावतांना जबडा, जीभ आणि ओंठ आपापलें काम न शिकवितां करितात. बोलणें त्यांना मागाहून शिकविलेलें असतें. मंद्रांतल्या 'सा'वर ओंठ मिटून हुंकार करावा, चावण्याची क्रिया चालूं ठेवावी, आणि मध्येंच ओंठ सोडावे. जो 'आ' बाहेर पडतो तो विद्यार्थ्यास स्वतःचा वाटत नाहीं, इतका मोकळा असतो. ही युक्ति लहान मुलांना फार आवडते, आणि जेवणाच्या पंगतींत ती करूं नये हेंहि त्यांना सांगून ठेवावें लागतें.

यानंतर स्वरांकडे यावें. आपल्या सप्तकांत एक मौज आहे. सा, ग, म, प, ध या पांचांच्या पोटांत अ किंवा आ आहे. फक्त 'रे'मध्यें एकार आणि 'नि'मध्यें इकार. म्हणून सरगम म्हणतांना जबडा मिटण्याचीं ठिकाणें दोनच. मध्य सप्तकांत तें कळत नाहीं, पण तार सप्तकाकडे निघालेला विद्यार्थी 'नि'वर येतो, दांत मिटतो, आणि तसाच मिटलेला 'सां' लावावयास जातो. स्वर खालीं राहतो. शिक्षक समजतो कान कच्चा आहे. अशा वेळीं 'ध नि सां' हेच स्वर नुसत्या आकारांत म्हणवून घ्यावे. चट्कन सुरांत आले, तर कानाचा दोष नाहीं. मग 'नि' म्हणतांना दांतांत करंगळीच्या टोंकाएवढें अंतर राहूं द्यावें आणि इकाराचें काम जिभेकडे सोंपवावें. जीभ वर उचलली कीं इकार होतो. त्यासाठीं दांत मिटण्याची गरज नाहीं.

जिभेला असें स्वतंत्र करण्यासाठीं 'ला ला ला' किंवा 'ना ना ना' हीं अक्षरें चांगलीं. हनुवटीस एक बोट हलकेंच लावावें. अक्षर बदलतांना बोट नाचूं लागलें, तर जिभेचें काम जबडा करीत आहे असें समजावें. अभंगाच्या शब्दांतहि हें पाहतां येतें. 'तुकाराम' या शब्दांत जबडा दोनदां सुखानें खालीं येतो. 'विठ्ठल' म्हणतांना मात्र भजनी मंडळी पहिल्या 'वि'वर ठाण मांडतात आणि तेथेंच दांत आवळून बसतात.

आरसा समोर ठेवावा काय, असें विचारतात. ठेवावा, पण दोन-तीन मिनिटें. आरशाचें आणि गाण्याचें नातें जुनें आहे. मान्वेल गार्सिया नांवाच्या गाण्याच्या एका शिक्षकानेंच १८५४ सालीं लहान आरशांच्या साहाय्यानें स्वतःचें स्वरयंत्र गात असतांना पाहिलें, आणि डॉक्टरांना एक नवें साधन मिळालें. आपणांस इतकें आंत पाहावयाचें नाहीं. कपाळावर आंठी आहे का, हनुवटी वांकडी जाते का, मानेची शीर दिसते का, एवढें पाहून आरसा पालथा घालावा. फार वेळ पाहिल्यास मनुष्य गाणें सोडून चेहरा बसवीत राहतो.

तोंड किती उघडावें, याचें एक माप सर्वांना सांगतां येत नाहीं. सुखानें पडेल तितकें. साधारणपणें आकाराला पुढच्या दांतांत एक ते दोन बोटें. स्वर चढेल तसें थोडें अधिक. युरोपांतील संगीतिकांत गाणाऱ्या बायका तार स्वरांवर तोंड पुष्कळ मोठें उघडतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्याचें कारण दाखविलें. जबडा खालीं येतो तसा मुखांतील पोकळीचा सर्वांत खालचा नाद वर सरकतो, आणि चढलेल्या स्वरास तो साथ देऊं लागतो. त्यांना ध्वनिवर्धकावांचून मोठें नाट्यगृह भरावयाचें असतें. आपलें गाणें इतकें वर जात नाहीं, आणि आपल्याला शब्दहि जपावयाचे असतात. तेव्हां त्यांची मोकळीक घ्यावी, माप घेऊं नये. विष्णु दिगंबरांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरु प्रो. बी. आर. देवधर यांनीं १९२५ सालीं मुंबईंत आपलें संगीत विद्यालय काढलें, पाश्चात्त्य संगीताचाहि अभ्यास केला, आणि आवाजाच्या साधनेचा शास्त्रीय विचार आपल्याकडे आणला. घराण्याच्या गायकीला त्यामुळें बाध येत नाहीं. ग्वाल्हेरचा खडा आकार आणि किराण्याचा हळुवार स्वर यांत तोंडाचें माप वेगळें असेल. आवळलेला जबडा दोघांनाहि चालत नाहीं.

आतां एका गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. वर सांगितलेले उपाय निरोगी जबड्याचे आहेत. आपल्या हाताचीं मधलीं तीन बोटें जुळवून, आडवीं, एकावर एक अशीं, पुढच्या दांतांमध्यें घालून पाहा. बहुतेक निरोगी प्रौढ माणसांच्या तोंडांत तीं बसतात. दोनच बसत असतील, तिखट खातांना तोंडाची आग होत असेल, गालाची आंतली बाजू पांढुरकी व ताठ लागत असेल, आणि सुपारीची संवय असेल, तर गाण्याच्या शिक्षकाकडे न जातां दंतवैद्याकडे जावें. सुपारीनें गालाच्या आंतील अस्तर कठीण होत जातें आणि तोंड हळूहळू मिटत जातें. हा रोग पुढें कर्करोगाकडे वळूं शकतो. नुसत्या चोळण्यानें किंवा रियाजानें तो बरा होत नाहीं; सुपारी सोडणें ही पहिली अट आहे. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली. साध्या सुपारीवर अर्थातच नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील श्रीवर्धनच्या रोठ्याचें नांव सगळीकडे आहे, आणि भजनाच्या बैठकींत पानाचें तबक फिरणें हा आमच्याकडे शिष्टाचार समजतात. खोपोलीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे आणि घाटांत मालमोटारी हांकणारे तरुण जागरणासाठीं हें तोंडांत धरतात, आणि सप्ताहांत चाल म्हणावयास तेच पुढें असतात. एखाद्याचा 'आ' दरवर्षीं लहान होत चाललेला दिसला, तर मंडळीनें आवाजाला नांवें ठेवण्याआधीं त्याला तोंड दाखवून यावयास सांगावें. सांध्यांत कट् कट् आवाज होऊन दुखणें, सकाळीं उठल्यावर जबडा जड असणें, झोपेंत दांत खाणें, यांचीहि वाट वैद्याकडेच जाते.

रियाजाच्या आधीं हें सारें पांच मिनिटांवर नसावें. खर्जापासून सुरुवात करावी, कारण खालच्या स्वरांत जबडा सोडणें सोपें जातें, आणि तेथें लागलेली संवय एकेक स्वरानें वर न्यावी. ज्या स्वरावर हनुवटी पुढें येईल, तेथून दोन स्वर मागें परतावें. महिन्याभरांत एखादा स्वर मोकळा झाला तरी पुष्कळ झालें.

वडीलधाऱ्या गाणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या तोंडांत आतां कवळी असते. ती जरा सैल असली कीं पडेल या भीतीनें ते दांत आवळून गातात, आणि वय झालें म्हणून आवाज गेला, असें मानून मागच्या रांगेंत जाऊन बसतात. त्यांनीं कवळी बसवून देणाऱ्याकडे जाऊन ती घट्ट करून घ्यावी. तोंवर पहांटेच्या काकड्याला ती डबींत ठेवून गावें. दोन-चार व्यंजनें इकडे-तिकडे होतील, पण त्या अंधारांत तीं कोण मोजतो?